राखणीचा माणूस

अर्जवाल्या काकांच्या तोंडून 'नाही' हा शब्द मी कधी ऐकला नाही. अठरा वर्षांची ओळख, म्हणजे काही थोडीथोडकी नव्हे. 'ना' नाही, 'नाय' नाही, 'नको' तर नाहीच. "काका, जेवलात?" म्हटलं तर पोटात कावळे ओरडत असले तरी म्हणायचे, "जेवायचो आसंय." "आज कचेरी उघडी आहे का?" तर "उद्यां उघडतली." चहावाला मुद्दाम साखरेचा तिसरा चमचा कपावर धरून विचारायचा, "घालू?" हे हाताने कप झाकायचे आणि म्हणायचे, "झाली गोड." म्हापशाच्या गाडीची वाट बघणारी टारगट पोरं तर हद्द करायची. "काका, तुम्ही चोर काय ओ?" ते चष्म्यावरून शांतपणे बघायचे आणि सांगायचे, "मी अर्ज लिवतंय."

मला आधी हसू यायचं. मग कामाच्या वेळी राग यायला लागला. भीती वाटली ती सगळ्यात शेवटी, आणि ती अजून गेलेली नाही.

पेडण्याला कचेरीच्या समोर एका बंद दुकानाचा सोपो, म्हणजे ओसरी, होती. त्या सोप्यावर एक पाट, एक लाकडी पेटी, शाईची दौत आणि काळी छत्री एवढा संसार मांडून ते बसायचे. पोर्तुगीजांच्या वेळी त्यांच्या भाषेत अर्ज लिहीत होते, गोवा मुक्त झाल्यावर मराठीत आणि इंग्रजीत लिहायला लागले. राज्य बदललं, शाई तीच. मूळ गाव डिचोलीकडचं, तिथे बापाचं घर होतं म्हणे, पण ते कुलूप लावून आलेले. पेडण्यात भाड्याच्या खोलीत राहायचे आणि दर दोन-चार वर्षांनी खोली बदलायची वेळ यायची. लहानपणी माडावरून पडल्यामुळे डावा पाय ओढत चालायचे. एक पाऊल पडायचं, दुसरं घासायचं. डावी टाच लवकर झिजते म्हणून तेवढ्याच चपलेला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून लोखंडी नाल मारून आणायचे. ते येतायत हे मातीच्या रस्त्यावरसुद्धा आधी कानाला कळायचं.

दुसरी खोड अशी की न बघितलेल्या जागेचा अर्ज लिहायचे नाहीत. विहिरीचा अर्ज असला तर विहिरीत डोकावून येणार, कुंपणाचा असला तर कुंपणाच्या कडेने चालून येणार. लोक म्हणायचे, अहो, अर्जाला काय जागा बघायची? पण त्यांचे अर्ज परत येत नसत, म्हणून लोक त्यांचे नखरे सोसत.

मी त्यांच्याकडे गेले ती सोऱ्याच्या, म्हणजे दारूच्या लायसनासाठी. आमचं पेडण्याजवळ पार्श्याच्या टोकाला, काजूच्या डोंगराकडे वाट वळते तिथे, सासऱ्यांचं जुनं तावेर्न. दोन बाकं, एक फळी, काजूच्या दिवसांत हुर्राक, ती पहिल्या धारेची हलकी, आणि वर्षभर फेणी. नवरा डिचोलीला खाणीच्या ट्रकवर होता, तो ट्रकबरोबरच गेला. त्यानंतर अडीच वर्षांत सासरे गेले. आणि लायसन असतं ते माणसाच्या नावावर, दुकानाच्या नव्हे. माणूस गेला की लायसन गेलं. बाराव्याचं जेवण आटोपतंय तोवर कचेरीचे लोक येऊन दाराला सील करून गेले. घरात दोन पोरी, माझं शिक्षण मराठी चौथी, आणि काजूची बोंडं पिकायला महिना उरलेला. दार उघडलं नाही तर चूल पेटायची नाही, इतकं ते साधं होतं.

अर्ज करायला हरकत नव्हती. हरकत होती ती अंगणातल्या दगडाची.

आमच्या अंगणाच्या कडेला सातविणीखाली एक दगड आहे. तिथे जो असतो त्याचं नाव आम्ही घेत नाही, 'थळातला' म्हणतो. गावाची शीव राखतो, वाट चुकलेल्याला वाटेला लावतो. दर अमावास्येला सासरे त्याच्यापुढे करवंटीत फेणी ठेवायचे, एक रोट, एक विडी. सकाळी करवंटी कोरडी. वर्षातून एकदा नवी काठी आणि नव्या चपला. वर्षभरात त्या चपलांचे तळवे झिजायचे, दोन्ही सारख्या, पुढे बोटांकडे, भराभर चालणाऱ्याच्या झिजतात तशा. त्या चपला कोणी चोरून घालेल म्हणता? पार्श्यात तेवढी छाती कोणाची नव्हती.

आणि कचेरीतला कारकून मला म्हणाला, "देवस्थान जवळ असेल तर सोऱ्याचं लायसन मिळत नाही. एक तर तो दगड हलवा, नाहीतर लिहून द्या की इथे देवस्थान नाही, नुसता दगड आहे."

"अहो, पण तो स्वतःच सोरो घेतो!" मी म्हटलं.

"ते कायद्यात बसत नाही," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

दगड हलवायचा? मी सोडा, माझा सासरा त्या दगडावर सावली पडू द्यायचा नाही. पण एक ओळ लिहून द्यायला काय जातं, असं मला तेव्हा खरंच वाटलं. पोटासाठी माणूस काय काय लिहून देतो.

काका आले ते भर दुपारी, पेडण्याहून चालत. घासत घासत आवाज आला म्हणून मी बाहेर आले. घरात शिरायच्या आधीच ते सातविणीखाली उभे होते, छत्री मिटून, चपला काढून. मी पाणी नेलं आणि कारकुनाने सांगितलेली ओळ सांगितली. त्यांनी पाणी घेतलं, पेटी उघडली, कागद काढला, सगळं लिहिलं आणि त्या रकान्याशी आल्यावर टाक पुसून ठेवून दिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"ह्यां सोडून सगळां लिवलंय."

"सोडून कसं चालेल? तेवढ्यासाठीच तर तुम्हाला बोलावलं."

"दुसरो कोणतरी लिवतलो."

माझं डोकंच फिरलं. नवरा गेल्यापासूनचं सगळं मी त्या म्हाताऱ्यावर काढलं. "तुमचं काय जातंय? तुम्ही सडेफटिंग! एक शब्द, काका, एक शब्द लिहायचा, आणि त्याच्यासाठी माझ्या पोरींनी उपाशी बसायचं? ही कसली थेरं?" आणखी बरंच बोलले, आता सांगायची लाज वाटते.

त्यांनी पेटीच्या तळातून एक घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. जुना, पोर्तुगीज शिक्क्याचा. मला अक्षर लागेना.

"बापाच्या घराचो कागद," ते म्हणाले. "घर माझ्या नावार जावचा होता. थोरलो भाऊ बेळगावात. तेका आणूक, सही घेवक वरसां जातली. कचेरीत म्हणाले, एक ओळ लिव, काम आजच उरकता. मी भावाविषयी ती ओळ लिवलंय." बोट त्यांनी कागदाच्या तळाशी ठेवलं. तिथे एका शब्दावर शाई फासलेली होती. "आठव्या दिसा बेळगावसून तार इली. भाऊ गेलो. ओळ लिवली तोच वार, तीच तारीख. सही करून मी टाक ठेवलो, तीच वेळ."

भाऊ हयात नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. मला ते त्यांना विचारावं लागलं नाही.

भर दुपारची वेळ, पान हलत नव्हतं, आणि माझ्या अंगावर काटा आला. मी त्या दगडाकडे बघितलं. तिथे काठी होती, चपला होत्या, अमावास्येची विडी होती. हे सगळं एका शब्दाने पुसलं गेलं तर? काजूच्या डोंगरातून माझ्या पोरी शाळेला जातात येतात, त्यांना वाट कोण दाखवणार? आता मलाही ती ओळ नको झाली, आणि लायसन तर हवंच होतं. मी पायरीवर बसले आणि रडले. लपवत नाही.

काकांनी तो जुना कागद माझ्या हातातून घेऊन पेटीत ठेवला. मग एकेका वस्तूकडे बोट दाखवायला लागले.

"ती काठी कोणाची, बाय?"

"त्याचीच."

"चपला?"

"त्याच्याच."

"विडी कोण ओढता?"

"तोच. दुसरं कोण!"

"आणि तो हांगा काय करता?"

"राखण करतो."

"मगे राखणीचो माणूस म्हणान लिवूया," ते म्हणाले आणि टाक उचलला. इंग्रजीत लिहीत गेले आणि मला मराठीत वाचून दाखवत गेले. देवस्थानाच्या रकान्यात: देऊळ गावात आहे, चालत पाऊण तास. जागेच्या रकान्यात: अंगणाच्या कडेला एक दगड आहे, त्यावर राखणीचा माणूस बसतो, काठी, चपला आणि विडी त्याची आहे. "सगळां खरां मां?" त्यांनी विचारलं. सगळं खरं होतं. एक 'नाही' कुठे नव्हता. मला हसावं की रडावं कळेना.

पण कामावरच्या माणसांची यादी द्यावी लागायची. त्यात नाव.

"नाव काय घालणार?" मी घाबरून म्हटलं. "त्याचं नाव घेत नाहीत काका, माहीत आहे ना तुम्हाला?"

टाक कागदावर धरून ते बसले. शाईचा थेंब पडेल की काय असं मला वाटत होतं. मग त्यांनी डाव्या हाताचा आडोसा केला, एक नाव लिहिलं, पुढचे रकानेही भरले आणि घाईने वर टिपकागद दाबला.

"कोणाचं घातलंत?"

"कचेरीक नाव लागता. तेंका मेळला."

त्यांच्या कपाळावर घाम आला होता. परत पाणी मागितलं. मी सही केली. जाताना ते सातविणीखाली थांबले, वर फांद्यांकडे बघितलं, खाली जमिनीकडे बघितलं. "हवा बरी आसा हांगा," म्हणाले. "सांजेची सावली खंयसर येता, बाय?" सावली कुठवर येते, हे खोली भाड्याने घेणारा माणूस विचारतो तसं ते विचारणं होतं. मला ते तेव्हा विचित्र वाटलं आणि मी विसरून गेले.

पाहणीला आलेला साहेब फोंड्याचा होता. आमच्या भागात नवा. दुपारी बाराला यायचा तो अडीचला आला, मोटारसायकल घामाघूम, साहेब घामाघूम. डोंगरात वाट चुकला होता. बाकं मोजली, फळी बघितली, अंगणात आला, दगडाकडे बघितलं. आता विचारणार, हा राखणीचा माणूस कुठे आहे म्हणून.

साहेब रुमालाने मान पुसत म्हणाला, "तुमचा राखणदार भेटला मला वर. त्यानेच वाट दाखवली, नाहीतर मी आज घरी जात नव्हतो. एवढ्या उन्हात खांद्यावर कांबळं घेऊन फिरतो? बोलत काही नाही. माझ्याकडून विडी मागून घेतली, खुणेनेच."

मी त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

"म्हातारा आहे, पण चालतो काय!" साहेब म्हणाला. "मी मोटारसायकलवर आणि तो पुढे. काही केल्या गाठता येईना."

मग त्याने कागदावर सही केली आणि गेला. आठ दिवसांत माझ्या नावावर लायसन आलं. दाराचं सील फोडलं तेव्हा आतला फेणीचा वास असा अंगावर आला की मला सासरेच भेटल्यासारखं वाटलं.

मी काकांना विचारल्याशिवाय राहते काय? सोप्यावर जाऊन उभी राहिले. "खरं सांगा, त्या दिवशी डोंगरात कांबळं घेऊन तुम्ही उभे होतात ना? माझ्यासाठी?"

"त्या दिसा मी म्हापशाच्या बाजारात," ते म्हणाले. "चपलेक नाल मारूक." आणि पाय पुढे करून दाखवला. नाल नवा होता. आणि तो पाय घेऊन मोटारसायकलच्या पुढे कोण चालणार? मी वेडी, ते माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं.

त्यानंतर दर वर्षी लायसन नवं करायच्या वेळी ते यायचे. पैसे घ्यायचे ते ठरलेले, वर चहा आणि एक उंडो पाव. फेणीला शिवले नाहीत कधी. "वास बरो," एवढंच म्हणायचे. अर्ज भरून झाला की सातविणीखाली रुमाल अंथरून दगडाच्या बाजूला, दगडावर नव्हे, घटकाभर बसायचे. पोरी मोठ्या झाल्या, थोरलीचं लग्न झालं, बाकांच्या जागी टेबलं आली. काका मात्र तसेच. एकदा खोलीच्या मालकाने त्यांना पुन्हा हलायला सांगितलं होतं, तेव्हा मी म्हटलं, आमच्या मागच्या पडवीत राहा. त्यांनी मान हलवली, हो म्हणून की नको म्हणून ते कळलं नाही. "अर्जाक पत्तो लागता, बाय," म्हणाले. "माणसाकय लागता. माझो मी करून ठेवलंय." मला वाटलं, डिचोलीच्या घराबद्दल बोलतायत.

ते गेले ते त्यांच्या त्या खोलीत, झोपेतच. सकाळी चहावाल्याने दार ढकललं. मी पेडण्याला जाऊन आले. पेटी, दौत, छत्री आणि दाराशी चपला, डावीच्या टाचेला नाल. डिचोलीहून कोणी आलं नाही. कचेरीतल्या कारकुनांनी वर्गणी काढून सगळं केलं. इतक्या लोकांची कामं मार्गी लावणारा माणूस, आणि खांद्याला चार माणसं जमवावी लागली, याचं मला फार वाईट वाटलं.

त्या पुढच्या अमावास्येला मी करवंटीत फेणी ठेवली. सकाळी बघते तर जशीच्या तशी, वर मुंग्या तरंगतायत. विडीही तशीच. रोट तेवढा गेलेला. मला वाटलं, या खेपेची फेणी पातळ उतरली, रुसला असेल. पुढच्या महिन्यात चांगली जुनी, कडक ठेवली. तीही तशीच. वर्ष सरलं, नव्या चपला ठेवायची वेळ आली म्हणून जुन्या उचलल्या तर पुढे बोटांकडे करकरीत नव्या, आणि डावीची टाच खाल्ल्यासारखी.

मी काय करावं? तडक म्हापसा गाठलं आणि शुक्रवारच्या बाजारात, चपला शिवणाऱ्या त्या म्हाताऱ्याच्या समोर जोड आपटला. "देवाच्या कामाला असला सडका माल देता? बघा, एक टाच वर्ष निघत नाही!"

त्याने डावी चपल हातात घेतली, उलटी केली, अंगठा फिरवला. "चामडां बरां आसा," तो म्हणाला. "घालणाऱ्याचो पाय तसो. ओढून चलता तो." आणि चपल परत देत विचारलं, "कोण घालता गो?"

मी नवा जोड घेऊन घरी आले. आणि खरं सांगते, मला तेव्हाही कळलं नाही. कदाचित कळून घ्यायचं नव्हतं. मग दर वर्षी मी जुना जोड न बघता कागदात गुंडाळून टाकायला लागले.

कळलं ते अगदी अलीकडे. माझे गुडघे गेले, आता धाकटीच्या नावावर लायसन करायचं म्हणून ती संगणकावर अर्ज भरत बसली होती. जुने कागद हवेत म्हणून मी ट्रंकेतून सगळ्यात पहिला अर्ज काढून दिला. ती इंग्रजी वाचत गेली. बाकं, फळी, देऊळ, दगड. मग थांबली.

"आई, हा राखणदार म्हणजे अर्जवाले काका?"

"काय म्हणतेस?"

तिने बोट ठेवून वाचलं. त्यांचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. काम: राखण. राहण्याचा पत्ता: याच अंगणात. किती मुदतीसाठी: कायमचा.

मी तिला तेच पुन्हा एकदा वाचायला लावलं. आपण जे लिहू ते खरं होऊन बसतं हे त्या माणसाला माहीत होतं. सगळ्या पेडण्यात त्याच्या इतकं कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून तर एक शब्द तो जन्मभर गिळत राहिला. आणि मी आरडाओरडा केला, सडेफटिंग म्हटलं, रडले, त्या दुपारी त्याने स्वतःचं नाव तिथे घातलं. मला रोजी मिळावी म्हणून, की त्यालाही कुठेतरी पत्ता हवा होता म्हणून? अठरा वर्षं चहा पीत माझ्यासमोर बसला आणि बोलला नाही. विचारायला आता कुठे जाऊ? जायला अंगण ओलांडायचं, एवढंच, पण मला धीर होईना.

"आई," धाकटी म्हणाली, "या नव्या फॉर्ममध्ये पण कामगारांची यादी आहे. ते तर गेले ना? आता राखणदार नाही असंच भरू?"

"तो शब्द भरू नकोस!" मी इतक्या जोरात ओरडले की दुकानातली माणसं वळून बघायला लागली.

"मग काय लिहू?"

"आसा म्हणून लिही."

तिने माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं. त्या अमावास्येला मी करवंटीच्या बाजूला कप ठेवला, चहाचा, साखर दोनच चमचे, आणि एक उंडो. सकाळी कप कोरडा होता. फेणी तशीच होती.

पुढच्या शुक्रवारी म्हापशाला गेले. चपला शिवणारा म्हातारा आता नाही, त्याचा मुलगा बसतो. नवा जोड घेतला, पैसे दिले आणि डावी चपल त्याच्यासमोर धरून म्हटलं, "टाचेला नाल मारून दे रे बाबा. माणसाला लांब चालायचं असतं."